घरातील इंटरनेट जोडणीचा विस्तार : स्वस्त नेटवर्क स्विचची उपयुक्तता

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीतील हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ४९० च्या पुढे गेला आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात प्रदूषणविरोधी उपाययोजनांचा चौथा, म्हणजे सर्वांत कठोर टप्पा लागू करण्यात आला. शाळांचे वर्ग ऑनलाइन घेण्याचे आदेश निघाले. दोन दिवसांनी दिल्ली सरकारने आपल्या निम्म्या कर्मचाऱ्यांनी घरून काम करावे, असा निर्णय जाहीर केला. २०२० च्या टाळेबंदीत जी व्यवस्था अपवाद म्हणून सुरू झाली होती, ती राजधानीतील हिवाळ्याने अशा रीतीने पुन्हा घराघरांत आणली.

अशा दिवशी एकच घर शाळा, कार्यालय आणि अभ्यासिका बनते. मात्र त्या घरात येणारी इंटरनेटची तार एकच असते आणि ती बहुधा दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संचाजवळ बसवलेल्या पेटीपर्यंत येऊन थांबते. आतल्या खोलीत वर्ग मध्येच थांबतो, बैठकीतील आवाज तुटतो. मग पुष्कळ कुटुंबे अधिक वेगाची, अर्थात अधिक दराची योजना घेतात. प्रत्यक्षात अनेकदा दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत नसून घराच्या आतील वाटपात असतो. हे वाटप सुधारण्याचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे तारेची जोडणी खोल्यांपर्यंत नेणे आणि त्यासाठी नेटवर्क स्विच हे छोटे उपकरण वापरणे.

वाय-फाय कोठे अपुरे पडते

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्या काळी घरात एक संगणक आणि दूरध्वनीची एक तार एवढाच व्याप असे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग मानला गेला होता. जानेवारी २०२३ मध्ये ही मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली. आज राजधानी परिसरातील प्रकाशतंतू जोडण्यांचा वेग याहून कितीतरी अधिक असतो. तरीही तो वेग आतल्या खोलीपर्यंत पोहोचेलच, याची खात्री नसते.

वाय-फाय रेडिओ लहरींवर चालते. एका मार्गावर सर्वसाधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. इतरांना आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे १, ६ आणि ११ हे तीनच मार्ग उपलब्ध असतात. गाझियाबादमधील इंदिरापुरम, नोएडातील गृहनिर्माण सोसायट्या किंवा गुरुग्राममधील उंच इमारतींत वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांतील राउटर याच तीन मार्गांवर गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा अधिक असली, तरी त्या लहरी विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंतींतून कमी प्रमाणात पार होतात. सर्व घरे एकाच वेळी ऑनलाइन असतात, त्या दिवशी ही अडचण सर्वाधिक जाणवते.

तारेवर चालणाऱ्या जोडणीला शेजाऱ्यांच्या लहरींचा असा उपद्रव होत नाही. म्हणून जी उपकरणे जागेवरून हलत नाहीत, त्यांना तार द्यावी आणि हातात घेऊन फिरायच्या उपकरणांसाठी वाय-फाय मोकळे ठेवावे, असा साधा नियम सांगता येतो. टेबलावरील संगणक, दूरचित्रवाणी संच, छपाई यंत्र, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी ही पहिल्या गटातील उपकरणे होत. एवढी उपकरणे तारेवर गेली, की मोबाइल आणि टॅब्लेट यांनाही वाय-फाय अधिक चांगले मिळते.

स्विच म्हणजे काय

सेवा देणाऱ्या कंपनीच्या राउटरवर तारेसाठी बहुधा एक ते चार पोर्ट असतात. उपकरणे त्याहून अधिक झाली किंवा दूरच्या खोलीत तीन-चार उपकरणे एकत्र आली, की स्विचची गरज भासते. स्विच हा पाच, आठ किंवा अधिक पोर्ट असलेला लहानसा डबा असतो. त्याचा एक पोर्ट राउटरला जोडायचा आणि उरलेल्या पोर्टवर उपकरणे लावायची, एवढीच त्याची मांडणी असते. वीजविस्तार फळीशी त्याची तुलना केली जाते, परंतु स्विचचे काम त्याहून अधिक विचारपूर्वक चालते.

नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला ४८ बिटांचा एक क्रमांक असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. कोणत्या पोर्टच्या टोकाला कोणता पत्ता आहे, हे स्विच येणाऱ्या माहितीवरून स्वतः शिकतो आणि त्याची नोंद ठेवतो. त्यानंतर ज्या उपकरणासाठी माहिती असेल, त्याच पोर्टवर ती पाठवली जाते. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी होते, तसाच हा प्रकार आहे. पूर्वी वापरात असलेले हब नावाचे उपकरण आलेली प्रत्येक गोष्ट सर्व पोर्टवर फेकत असे. त्यामुळे एकाच्या कामात दुसऱ्याचा अडथळा होई.

या तंत्राचा पाया असलेल्या ईथरनेटची कल्पना १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी मांडली. या कार्यासाठी त्यांना २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला. अनेक पोर्ट असलेला पहिला ईथरनेट स्विच १९९० मध्ये बाजारात आला. त्याला सात पोर्ट होते आणि तो तयार करणाऱ्या अमेरिकी कंपनीचे नाव होते कल्पना. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज हे तिच्या दोन संस्थापकांपैकी एक होते आणि कंपनीला त्यांच्या पत्नीचे नाव देण्यात आले होते. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली. त्या काळी कार्यालयांपुरते मर्यादित असलेले हे उपकरण आज एका जेवणाच्या बिलाइतक्या किमतीत घरात येते.

स्विचकडून कोणती अपेक्षा ठेवू नये

स्विच इंटरनेटचा वेग वाढवत नाही. सेवेची योजना सेकंदाला १०० मेगाबिटची असेल, तर स्विच लावल्यानंतरही घरात एकूण तेवढाच वेग येतो आणि तोच सर्वांत वाटला जातो. घराच्या आतील देवघेव मात्र या मर्यादेत अडकत नाही. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पाठवलेली फाइल किंवा कॅमेऱ्यांचे चित्रण स्विचमधून थेट जाते. त्याचा बाहेरच्या जोडणीवर भार पडत नाही.

स्विच राउटरची जागाही घेऊ शकत नाही. घरातील प्रत्येक उपकरणाला आंतरिक पत्ता देणे आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार करणे ही कामे राउटरची आहेत. म्हणून आधी राउटर आणि नंतर स्विच, हा क्रम सांभाळणे आवश्यक आहे. राउटर वेगळा असेल आणि कंपनीची प्रकाशतंतूची पेटी केवळ जोडणी पुढे देत असेल, तर स्विच त्या दोहोंच्या मध्ये लावू नये. तसे केल्यास काही उपकरणांना पत्ता मिळत नाही किंवा ती राउटरच्या संरक्षणाबाहेर राहतात.

खरेदी करताना

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस ही संगणक साहित्याची देशातील प्रमुख बाजारपेठ मानली जाते. डी-लिंक, टीपी-लिंक, टेंडा, नेटगिअर या कंपन्यांचे घरगुती स्विच तेथील दुकानांतून आणि ऑनलाइनही मिळतात. यांपैकी डी-लिंकच्या भारतीय कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय गोव्यात वेर्णा येथे आहे. पाच पोर्टच्या गिगाबिट स्विचची किंमत साधारण एक ते दीड हजार रुपये आणि आठ पोर्टच्या स्विचची दीड ते दोन हजार रुपयांच्या आसपास असते. बाजारात याहून स्वस्त, पाच-सहाशे रुपयांचे स्विचही दिसतात. ते बहुधा सेकंदाला १०० मेगाबिटचे असतात.

हा फरक समजून घ्यावा. दहा गिगाबाइटची फाइल १०० मेगाबिटच्या स्विचमधून पाठवण्यास हिशेबाप्रमाणे किमान तेरा मिनिटे लागतात. गिगाबिट स्विचमधून तेच काम दीड मिनिटाच्या आत होऊ शकते. सेवेची योजना १०० मेगाबिटहून अधिक वेगाची असेल, तर जुन्या पद्धतीचा स्विच तिचा वरचा भाग वायाच घालवतो. म्हणून खोक्यावर १०/१००/१००० हे आकडे आहेत, याची खात्री करावी. २.५ गिगाबिटचे स्विचही आता मिळतात. मात्र राउटर, संगणक आणि सेवेची योजना ही तिन्ही त्या वेगाची असल्याशिवाय त्यांवर खर्च करण्याचे कारण नाही.

घरासाठी साधा, म्हणजे कोणतीही मांडणी करावी न लागणारा अनमॅनेज्ड स्विच पुरेसा असतो. नेटवर्कचे स्वतंत्र विभाग पाडायचे असतील, तरच मॅनेज्ड प्रकाराचा विचार करावा. कॅमेऱ्यांना त्याच तारेतून वीज द्यायची असल्यास पीओई सुविधेचा स्विच घ्यावा. २००३ च्या मानकानुसार असा स्विच एका पोर्टमधून १५.४ वॅट, तर २००९ च्या मानकानुसार ३० वॅटपर्यंत वीज देऊ शकतो. स्विच एकूण किती वॅट पुरवू शकतो, हेही पाहावे. कारण सर्व पोर्टवर एकाच वेळी पूर्ण वीज मिळेलच असे नाही.

पोर्टची संख्या आजच्या गरजेपेक्षा दोन-तीनने अधिक असावी. पाच पोर्टच्या स्विचमधील एक पोर्ट राउटरसाठी खर्च होतो, म्हणजे उपकरणांसाठी चारच उरतात, हे अनेकांच्या घरी आल्यावर लक्षात येते. स्विचसोबतच्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का, तेही तपासावे. स्विच वर्षभर अखंड चालू राहतो, म्हणून अडॅप्टरचा दर्जा महत्त्वाचा असतो. विजेचा खर्च मात्र किरकोळ असतो. तीन वॅटचा स्विच वर्षभरात सुमारे २६ युनिट वीज वापरतो.

खरी परीक्षा तारेची

स्विचची निवड चुकण्याचा संभव कमी असतो. चूक होते ती तारेत. घरगुती गिगाबिट जोडणीसाठी कॅट ५ई प्रकारची तार पुरेशी आहे. भिंतीत कायमची तार घालायची असल्यास कॅट ६ घ्यावी, कारण ती पुन्हा बदलणे अवघड असते. स्विचपासून उपकरणापर्यंतचे अंतर १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे सदनिकेत अंतराची अडचण येत नाही.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही कॅट ६ या नावाने विकली जाते. खोक्यावर तिचा उल्लेख सीसीए या अक्षरांनी केलेला आढळतो, तर काही वेळा तोही नसतो. ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. अशी तार वाकवताना लवकर तुटते, आणि तिच्यातून वीज नेल्यास ती अधिक तापते. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे आतील तारेचे टोक ब्लेडने खरवडून पाहावे. आत पांढरट, चंदेरी धातू दिसला, तर ती तार शुद्ध तांब्याची नाही. तिचा वापर पीओई कॅमेऱ्यांसाठी करू नये.

तारेच्या आत दोन-दोन पिळलेल्या, एकूण आठ तारा असतात. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यांपैकी चार पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. एखादी तार तुटलेली असेल किंवा टोकावरील आरजे-४५ कनेक्टरमध्ये नीट बसलेली नसेल, तर इंटरनेट बंद पडत नाही; जोडणी निमूटपणे १०० मेगाबिटवर उतरते. नवा गिगाबिट स्विच आणूनही वेग वाढला नाही, अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. संगणकाच्या नेटवर्क माहितीत जोडणीचा वेग दिसतो. तेथे १००० ऐवजी १०० हा आकडा असेल, तर दोन्ही टोकांचे कनेक्टर पुन्हा क्रिम्प करून घ्यावेत. रंगांचा प्रचलित क्रम असा आहे : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम ठेवावा आणि पीळ कनेक्टरच्या अगदी जवळपर्यंत कायम राहील, याची काळजी घ्यावी.

घराच्या रचनेनुसार मांडणी

राजधानी परिसरात दोन प्रकारची घरे अधिक दिसतात. उंच इमारतींतील नव्या सदनिकांत बांधकामाच्या वेळीच भिंतीतून पाइप टाकलेले असतात आणि दूरध्वनी किंवा केबल दूरचित्रवाणीसाठी प्रत्येक खोलीत एक छिद्र ठेवलेले असते. या पाइपमधील जुनी तार ओढून काढताना तिच्याच टोकाला नवी तार बांधली, तर भिंत न फोडता काम होते. विजेच्या तारा असलेल्या पाइपमध्ये मात्र नेटवर्कची तार घालू नये. दोन्ही तारा एकमेकींना ओलांडत असतील, तर काटकोनात ओलांडाव्यात.

दुसरा प्रकार म्हणजे दिल्लीतील बिल्डर फ्लोअर. एका भूखंडावरील इमारतीचा एकेक मजला वेगळ्या कुटुंबाकडे असतो आणि गच्चीवर अनेकदा बरसाती म्हणजे एखादी खोली असते. जुन्या बांधकामात पाइप नसल्यास भिंतीच्या तळाशी प्लॅस्टिकची पट्टी ठोकून तिच्यातून तार नेतात. महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी येणारे विद्यार्थी राजेंद्रनगर किंवा मुखर्जीनगर परिसरात अशाच खोल्यांत एकत्र राहतात. एका मजल्यावरील चार विद्यार्थ्यांच्या टेबलांपर्यंत तार नेण्यास पाच पोर्टचा एक स्विच पुरतो आणि खर्च चौघांत विभागला जातो.

उदाहरणादाखल, तीन शयनगृहांच्या सदनिकेत राउटरजवळ आठ पोर्टचा एक स्विच ठेवून चार ठिकाणी तार न्यायची असेल, तर सुमारे ६० मीटर तार लागते. मीटरला तीस रुपये धरल्यास तारेचे १८०० रुपये होतात. स्विच, कनेक्टर आणि भिंतीवरील फेसप्लेट धरून साहित्याचा खर्च पाच हजार रुपयांच्या आत राहू शकतो, मजुरी वेगळी. तारेचे पूर्ण खोके ३०५ मीटरचे असते. ते एका घराला जास्त होते, म्हणून मोजून तार देणारा दुकानदार शोधणे फायद्याचे ठरते.

नेहमी होणाऱ्या चुका

एकाच तारेची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये लावली जाणे, ही वरवर क्षुल्लक परंतु सर्वांत त्रासदायक चूक आहे. दोन स्विच एकमेकांना दोन तारांनी जोडले, तरी हेच घडते. माहिती त्या वर्तुळात फिरत राहते आणि काही क्षणांत घरातील सर्व जोडण्या ठप्प होतात. हे टाळणारी पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये तयार केली होती, परंतु स्वस्त स्विचमध्ये ती बहुधा नसते. सर्व दिवे एकाच तालात वेगाने लुकलुकत असतील, तर प्रथम अशी जादा तार शोधावी.

दुसरी चूक वीजपुरवठ्याची. पुष्कळ घरांत राउटर इन्व्हर्टरवर असतो. स्विच मात्र साध्या बोर्डाला लावला जातो. वीज गेल्यावर वाय-फाय चालू राहते आणि तारेवरील संगणक, तो लॅपटॉप असला तरी, ऐन परीक्षेत इंटरनेटपासून तुटतो. प्रकाशतंतूची पेटी, राउटर आणि स्विच ही तिन्ही एकाच पाठबळावर असावीत.

तिसरी बाब सुरक्षिततेची आहे. दोन इमारतींच्या मधून, गच्चीवरून किंवा खांबावरून तांब्याची नेटवर्क तार नेऊ नये. वीज कोसळल्यास किंवा विद्युतदाब अचानक वाढल्यास तोच दाब तारेवाटे दोन्ही घरांतील उपकरणांत शिरू शकतो. अशा ठिकाणी वीज वाहून न नेणारा प्रकाशतंतू वापरणे योग्य ठरते. जिन्यातील वीजमीटरच्या पेटीभोवती तारांची गुंडाळी ठेवणेही धोक्याचे आहे. १५ जून २०२३ रोजी मुखर्जीनगरमधील शिकवणी वर्गांच्या इमारतीत आग लागली, तेव्हा विद्यार्थ्यांना खिडक्यांतून दोरांच्या आणि तारांच्या आधाराने खाली उतरावे लागले होते. जिना मोकळा असणे किती महत्त्वाचे आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

नव्या इमारतींसाठी नियम

घराच्या आतील जोडणीचा प्रश्न आता नियामकांच्याही विचारात आला आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींच्या डिजिटल जोडणीचे मूल्यांकन करण्यासंबंधीचे विनियम जारी केले. त्यांनुसार इमारतींना तारांकित दर्जा देण्याची तरतूद आहे. घर खरेदी करताना पाणी आणि वीज यांप्रमाणे इंटरनेटची सोयही ग्राहकाला तपासता यावी, हा त्यामागील हेतू आहे.

जुन्या घरांत राहणाऱ्यांना मात्र ही सोय स्वतःच करावी लागते आणि ती त्यांच्या आवाक्यात आहे. अधिक दराची योजना घेण्यापूर्वी एक लांब तार थेट राउटरपासून आतल्या खोलीतील संगणकापर्यंत तात्पुरती लावून पाहावी. तेवढ्याने वर्ग आणि बैठक सुरळीत चालली, तर दोष योजनेचा नव्हता, हे स्पष्ट होते. पुढचे काम स्विच आणि चांगल्या तांब्याच्या तारेचे आहे. दिवाळीच्या आधी, हवा बिघडून शाळा पुन्हा घरी येण्यापूर्वी, ते उरकून घेणे हिताचे ठरेल.